लाईन थांबवणारा पोरगा

मंगळवार, सेकंड शिफ्टनंतर

आज कारखान्यात आमच्या जोडणीच्या लाईनवर पुढच्या स्टेशनवरच्या पोराने लाईन थांबवायचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, लाईन थांबली आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. पोरगा लातूरकडचा, आयटीआय झालेला, कंत्राटी. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला गेला की टॉर्क रेंच, म्हणजे आमचा पाना, ‘खट्’ वाजतो; तो आवाज येत नव्हता म्हणाला. पूर्वी असं झालं की पोरं अंदाजाने आवळून माल पुढे ढकलायची. काउंट भरला की झालं! मग तोच माल शेवटच्या तपासणीत अडायचा आणि रिवर्कचा ढीग नाईट शिफ्टच्या गळ्यात.

मेंटेनन्सच्या काकांना बोलावलं, रेंच बदलला, आधीचा माल उलटा तपासत गेलो. दोन बोल्ट ढिले निघाले. तेवढ्यात साहेबांचा फोन, “कुणामुळे थांबली?” म्हटलं, “रेंचमुळे.” पोराने ते ऐकलं. शेजारच्या पर्मनंटवाल्यांनीही ऐकलं, हे जास्त बरं झालं.

ही लाईन माझ्याकडे आली तेव्हा सोमवारी निम्मी माणसं दांडी मारायची. कॅन्टीनमध्ये पर्मनंट एका बाजूला, कंत्राटी दुसऱ्या बाजूला. एचआरने ‘आपण सारे एक कुटुंब’ची पोस्टरं लावली होती, त्यातलं एक कोणीतरी डबा ठेवायला खाली अंथरलं. मला ते पटलंच.

ट्रेनिंगमध्ये ऐकलेली फ्रीमाँटची गोष्ट अशा दिवशी हमखास आठवते. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा हा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. वीस टक्के गैरहजेरी, कामावर दारू, तक्रारींचे गठ्ठे. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच. गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली. आधी काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही, असा दंडक होता. नंतर कोणीही लाईन थांबवायची दोरी ओढावी आणि टीम लीडरने धावत मदतीला यावं, अशी पद्धत.

ट्रेनिंगवाले इथेच थांबतात, दोरीचा फोटो दाखवतात. पण तिथल्या करारात कामगारकपात हा शेवटचा उपाय मानला होता. 1988 च्या सुमारास गाड्या खपेनात, तेव्हाही माणसं घरी न पाठवता त्यांना ट्रेनिंगला बसवलं. दोरी ओढणाऱ्याचा हात थरथरत नव्हता, तो त्यामुळे.

आमच्या पोराला काय आहे? सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे काम बंद, परत बोलावलं तरच यायचं. त्याचा पुढच्या महिन्यात आहे. लाईन थांबवणारा म्हणून ठेकेदाराच्या यादीत नाव गेलं, तर परत बोलावतील की नाही, याचा हिशोब त्याने बटण दाबण्याआधी नक्की केला असणार. तरी दाबलं. मी कितीही गोड बोललो, तरी हा हिशोब माझ्या बोलण्याने बदलत नाही.

माझ्या हातात आहे तेवढं केलं. शिफ्टच्या वहीत त्याच्या नावानिशी लिहिलं, ‘दोष वेळेत पकडला’, आणि हँडओव्हरला मोठ्याने वाचलं. ठेकेदाराला फोन लावला, याला परत ह्याच लाईनवर पाठवा म्हणून. “बघतो साहेब,” म्हणाला. त्याचं ‘बघतो’ मला चांगलं माहीत आहे, म्हणून उद्या एचआरला लेखी देतोय. वहीच्या पानाची झेरॉक्स जोडून.