ओपन फाईल की कर्व्ह?

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं, छपाईच्या प्लेटला जायचा होता आणि एकाच कवितेच्या कोरलड्रॉमधल्या दोन फाईली समोर होत्या. एक ‘फायनल’, ही ओपन फाईल, म्हणजे मजकूर अजून टाइप करून बदलता येईल अशी. दुसरी ‘फायनल कर्व्ह नवीन’, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली. पान लावणारा ऑपरेटर नोकरी सोडून गेलेला, फोन बंद.

“ताज्या तारखेची घे,” मालक म्हणाले. तारखेवर माझा भरवसा नाही. कुणी फाईल नव्या व्हर्जनमध्ये उघडून नुसती सेव्ह केली तरी तारीख बदलते. ओपन फाईलचं तेच झालं होतं. जुन्या व्हर्जनच्या मशीनवर ती उघडेचना.

श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट प्रेसच्या मशीनवर नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून कर्व्ह करून द्यायचं. पण मग अक्षरांचे नुसते आकार उरतात. त्यात शब्द शोधता येत नाही की टाइप करून बदलता येत नाही.

दोन्हींचे प्रिंट काढले, एकावर एक ठेवून लाइट टेबलवर धरले. फरक एकाच ठिकाणी. ओपनमध्ये ‘माग’, कर्व्हमध्ये ‘मार्ग’. कविता विणकराची, दोन्ही शब्द चपखल! कर्व्ह फाईल झूम केली, तर त्या ‘र्ग’चा रफार किंचित डावीकडे सरकलेला. वरच्या ओळीतल्या ‘वर्षे’वरून उचलून बसवला होता. हात सफाईदार होता त्याचा. संपादकबाईंनी कवींना फोन लावला. ‘मार्ग’च बरोबर, करेक्शन त्यांनी फोनवर दिली होती.

करेक्शन आधी ओपन फाईलमध्ये, मग नव्याने कर्व्ह, हे मी कायम सांगत आले. नावात जॉब नंबर, पान, व्हर्जन हवं, ‘फायनल’ नको. तारीख घालायचीच तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नाहीतर यादीत 9 नोव्हेंबरची 09-11 ही फाईल 21 ऑक्टोबरच्या 21-10 च्या वर जाऊन बसते. प्रेसला गेलेल्या फाईलींचं फोल्डर वेगळं, त्याला कुणी हात लावायचा नाही. नव्या मशीनला पैसे निघतात, पण फाईली लावायला रोजचा अर्धा तास मिळत नाही. मग असे फोन रात्री ऑपरेटरच्या डोक्यावर येतात आणि तो दिसेल ती फाईल उघडतो. त्याला काय बोल लावणार?

अंक बाजारात गेला. पण आधीच्या फॉर्ममधली सोडून गेलेल्या ऑपरेटरची पानं तारीख बघूनच निवडली होती, ओपन फाईलवरून पुन्हा कर्व्ह करून. तक्रार आली नाही, म्हणून मालकांनी विषय सोडला. मी त्याच्या जुन्या कर्व्ह फाईली काढून एकेक पान ताडून बघतेय.