‘येईपर्यंत’ या शब्दापाशी थांबलेला रोबो

पन्हाळा रस्त्यावरच्या एका शाळेत मी दर शनिवारी पाचवीच्या मुलांचा वाचनाचा तास घेते. ही मुले न अडखळता, खणखणीत आवाजात वाचतात. पण ‘आधी काय झाले आणि ते कशामुळे झाले’ असे विचारले की त्यांची नजर पुस्तकावरून उठून माझ्या चेहऱ्यावर येते, जणू उत्तर मजकुरात नाही, बाईंच्या मनात आहे. त्यांची नजर पुन्हा पानाकडे वळवण्यात मला सर्वांत जास्त मदत झाली ती मायक्रोबिट, म्हणजे आज्ञा भरता येणारा एक छोटा संगणक, बसवलेल्या एका दोन चाकी रोबोची.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, तो प्रसंग मी एका पानात लिहून दिला आणि फरशीवर खडूने चौकटी आखून पन्हाळगड, घोडखिंड व विशाळगड मांडले. मुलांनी गटागटाने पान वाचून रोबोला त्याप्रमाणे चालवणारी आज्ञावली लिहायची होती. बाजीप्रभूंचा रोबो खिंडीत जाऊन थांबला पाहिजे, हे सर्व गटांना जमले. एका गटाने मात्र त्याला दहा सेकंद थांबण्याची आज्ञा दिली होती, त्यामुळे दहा सेकंद होताच तो खिंड सोडून चालू लागला. मागे बसलेली एक मुलगी कळवळून म्हणाली, “बाई, तोफा वाजल्या न्हाईत अजून, मग ह्यो का निघाला?”

गटाने पान पुन्हा उघडले. तिथे ‘तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत’ असे स्पष्ट लिहिलेले होते. सर्वांनी ते वाचलेही होते, पण ‘येईपर्यंत’ या शब्दावर सारी खिंड तोललेली आहे, हे त्यांना रोबो चुकल्यावरच जाणवले. मायक्रोबिटच्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोफोन असल्यामुळे मुलांनी टाळीचीच तोफ केली आणि टाळी ऐकू येईपर्यंत रोबोला जागेवरून हलू दिले नाही.

मराठीत क्रम आणि अट बहुधा अशाच लहान रूपांत दडलेली असतात: ‘जाऊन’, ‘थांबून’, ‘येताच’, ‘जर–तर’. डोळे त्यांच्यावरून घसरतात, पण आज्ञावली लिहिणाऱ्याला ती ओलांडून जाता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी २००६ मध्ये संगणकीय विचार, म्हणजे प्रश्न पायऱ्यापायऱ्यांत मांडून सोडवणे, हे वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या जोडीचे कौशल्य मानले. मला तर ते वाचनाच्या आतच सापडले. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये घडवलेल्या लोगो या मुलांसाठीच्या संगणक भाषेत चूक ही शिक्षेची नव्हे, दुरुस्तीची गोष्ट होती, आणि वाचनात कच्च्या मुलाला याच वागणुकीची सर्वाधिक गरज असते.

एक अडचण मात्र राहिली. पावनखिंडीची कथा कोल्हापूरच्या मुलांना तोंडपाठ असते, त्यामुळे न वाचताही बरेच साधून जाते. म्हणून पुढच्या वेळी मी राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांवर उतारा लिहिला. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजा आपोआप उघडतो, हे मुलांनी पुठ्ठ्याच्या दरवाजाला छोटी मोटर लावून करून दाखवले. तेवढ्यात एरवी गप्प असणारा एक मुलगा उतारा हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बाई, ह्यो मिटायचा कधी?” आम्ही दोघांनी ओळीवर बोट ठेवून सगळा उतारा वाचला. दरवाजा मिटण्याविषयी मी एक अक्षरही लिहिले नव्हते. त्याने पेन्सिलीने समासात लिहिले, ‘हे सांगितलेले नाही’, आणि कागद माझ्यापुढे धरला.