खोक्यावरचे १२० हर्ट्झ आणि पडद्यावरचे

गेमिंगसाठी टीव्ही घ्यायला निघाला असाल तर कन्सोल (प्लेस्टेशनसारखं गेमचं यंत्र) पिशवीत घालून बरोबर न्या. दुकानातल्या टीव्हीवर चालू असतं ते पेनड्राइव्हवरचं चित्र. मोर, फुलं, समुद्र, सगळं संथ सरकणारं आणि भडक. त्यात कुठलाही टीव्ही छान दिसतो. आपण बटण दाबल्यावर पडद्यावर किती लवकर काही घडतं, हे त्यातून कधीच कळत नाही.

माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि टीव्ही जुना, फुल एचडीचा होता. मी आणि माझा धाकटा भाऊ क्रिकेट २४ खेळतो. त्यात बॅटिंग म्हणजे निव्वळ टायमिंग. टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. तो कडा धारदार करतो, हालचाल गुळगुळीत करायला मधल्या फ्रेम (सुटी चित्रं) स्वतः तयार करतो, आणि या कामात १०० मिलिसेकंदसुद्धा जाऊ शकतात. तेवढ्यात चेंडू बॅटजवळून निघून गेलेला असतो. गेम मोड लावला की हे बहुतेक काम बंद होतं. चांगल्या टीव्हीत ६० हर्ट्झला, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो तेव्हा, हा उशीर १०-१५ मिलिसेकंदांवर येतो, १२० हर्ट्झला त्याच्याही निम्म्यावर. म्हणून माझी पहिली अट होती खरा १२० हर्ट्झचा पॅनल, म्हणजे टीव्हीचा मूळ पडदा.

"पण १२० फ्रेमने चालणारे गेम आहेत कुठे फारसे?" असं मला भावानेच विचारलं. प्रश्न रास्त होता. प्लेस्टेशनवर बहुतेक मोठे गेम सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमनेच चालतात. पण काही गेममध्ये, उदाहरणार्थ 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये, ४० फ्रेमचा मोड आहे आणि तो १२० हर्ट्झच्या टीव्हीवरच मिळतो. १२० ला ४० ने नि:शेष भाग जातो, म्हणजे प्रत्येक फ्रेम पडद्यावर बरोबर तीनदा येते. ६० ला ४० ने तसा भाग जात नाही, त्यामुळे चित्र अडखळतं. ३० फ्रेममध्ये एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० मध्ये १६.७, आणि ४० मध्ये २५. म्हणजे आकडा दहानेच वाढला तरी वेळेच्या हिशोबात आपण ३० आणि ६० च्या बरोबर मध्यावर येतो. चित्राची बारकाई जवळपास तशीच राहते आणि हालचाल कितीतरी मोकळी होते. मला हा मोड ६० पेक्षाही जास्त आवडतो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात विक्रेत्याने लगेच एक मॉडेल पुढे केलं. "१२० हर्ट्झ आहे की ताई, खोक्यावर लिहिलंय बघा." लिहिलेलं होतंच, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत डीएलजी असंही होतं. डीएलजी म्हणजे ड्युअल लाइन गेट. पॅनल मुळात ६० हर्ट्झचाच असतो. पडद्याच्या दोन-दोन ओळी एकदम चालवून वेग दुप्पट केला जातो आणि त्या बदल्यात उभी बारकाई निम्म्यावर येते. त्या किमतीत ती सोय वाईट नाही, पण फोर-के १२० (पूर्ण फोर-के बारकाईचं चित्र १२० हर्ट्झला) ती नव्हे. काही खोक्यांवर 'मोशन रेट'सारखे मोठाले आकडे असतात. ते चित्र गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेचे, पॅनलचे नव्हेत. विचारायचं ते एवढंच: पॅनल नेटिव्ह, म्हणजे मुळातच, १२० हर्ट्झचा आहे का, आणि फोर-के १२० कुठल्या एचडीएमआय पोर्टवर येतं?

पोर्टचं प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचं. 'एचडीएमआय २.१' एवढ्या नावावर काही ठरत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. जुन्या २.० चा वेग सेकंदाला १८ गिगाबिट होता, २.१ ची कमाल ४८ आहे. पण १८ वरच थांबणाऱ्या पोर्टलासुद्धा २.१ म्हणता येतं. शिवाय अनेक टीव्हींत चारांपैकी दोनच पोर्ट फोर-के १२० घेतात, आणि त्यातला एक नेमका साउंडबारसाठीचा ईआर्क असतो. एलजीच्या सी मालिकेतल्या ओएलईडी टीव्हींचे चारही पोर्ट हा सिग्नल घेतात. घरात दोन कन्सोल आणि साउंडबार असेल तर ही मोठीच गोष्ट आहे. मला एक पूर्ण वेगाचा पोर्ट पुरेसा होता.

दुकानात कन्सोल जोडायला सुरुवातीला नकार मिळाला, पण मालकांना नीट समजावल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओखाली व्हिडिओ आउटपुटची माहिती असते. जोडलेला टीव्ही कुठलं रिझोल्यूशन, किती हर्ट्झ, एचडीआर (उजेड आणि काळोखातला जास्त मोठा फरक दाखवणारं चित्र) आणि व्हीआरआर घेतो, ते तिथे दिसतं. व्हीआरआर म्हणजे गेमच्या फ्रेम जशा येतील तसा टीव्हीनेही आपला वेग बदलणं. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२ मध्ये मिळाली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झच्या दरम्यान चालते. एका टीव्हीवर मी व्हीआरआर चालू केलं आणि गुहेतला काळोख राखाडी झाला. तो मोड लागला की त्याचं लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करणं, बंद पडत होतं. माहितीपत्रकात याबद्दल एक शब्द नव्हता.

ओएलईडीचा मोह मला खूप होता. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, त्यामुळे काळं ते खरोखर काळं, आणि पिक्सेल बदलण्याचा वेग तर एलसीडीला गाठता येणारच नाही. मी एकटी राहत असते आणि खोली अंधारी असती तर तोच घेतला असता. पण आमच्या हॉलला पश्चिमेची गॅलरी आहे, दुपारी चारनंतर ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. आणि आईचं मराठी न्यूज चॅनल दिवसभर चालू असतं. कोपऱ्यातला तोच लोगो, तळाशी तीच लाल पट्टी, वर माझ्या गेममधला हलत नसलेला स्कोअरबोर्ड. ओएलईडीवर अशा स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटण्याची जोखीम असते. नवे टीव्ही त्यावर बरेच उपाय करतात, पण रोज इतके तास तेच चॅनल म्हटल्यावर मला ती जोखीम घ्यायची नव्हती. म्हणून मिनी-एलईडी (मागे बारीक दिवे असलेला एलसीडी) घेतला, व्हीए प्रकारच्या पॅनलचा. उजेडात तो उजळ दिसतो आणि काळाही बऱ्यापैकी गडद. बाजूने बसणाऱ्याला रंग थोडे फिके दिसतात, हे मान्य करूनच घेतला.

डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) आहे की नाही, याकडे मी गेमपुरतं लक्ष दिलं नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स गेममध्ये ते वापरतो, प्लेस्टेशन ५ एचडीआर१० वर चालतो.

आकारासाठी भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली. ६५ इंची टीव्ही साधारण १४४ बाय ८१ सेंटीमीटर भरतो. सोफा आठ फुटांवर, त्याला हे माप चपखल बसलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे एकूण किमतीत आठेक टक्के वाचले, आणि ५५ वरून ६५ वर जाणं खिशाला झेपलं.

टीव्ही घरी आल्यावर कन्सोलच्या खोक्यातलीच एचडीएमआय केबल वापरा, ती पूर्ण वेगाची असते. टीव्हीत त्या पोर्टचा सिग्नल फॉरमॅट बहुतेक वेळा हाताने वाढवावा लागतो. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण तो एन्हान्स्ड केल्याशिवाय फोर-के १२० दिसतच नाही. मग प्लेस्टेशनचं एचडीआर ॲडजस्ट करायचं. टीव्हीत एचजीआयजीचा (गेमच्या एचडीआरसाठीचा) पर्याय असेल तर आधी तो निवडायचा, म्हणजे टीव्ही आणि कन्सोल दोघंही उजेडात आपापली ढवळाढवळ करत नाहीत. पडद्यावरचं चिन्ह जेमतेम दिसेनासं होईपर्यंत उजेड वाढवत न्यायचा. ही पायरी घाईत उरकू नका, आकाश आणि ढग यांचा सगळा तपशील तिच्यावरच अवलंबून असतो.

आता सेटटॉप बॉक्स साध्या पोर्टवर आहे, साउंडबार ईआर्कवर, प्लेस्टेशन पूर्ण वेगाच्या पोर्टवर. कन्सोल सुरू केला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. बातम्यांच्या पोर्टची सेटिंग्ज वेगळी ठेवली आहेत, त्यामुळे आईला रिमोटवर चॅनलच्या बटणापलीकडे काहीच दाबावं लागत नाही.