ठासणीची बंदूक आणि बादलीभर काळं पाणी

आधीच सांगून टाकतो, बंदुकीची नळी धुणं मला आवडत नाही. ते काम आहे, करावं लागतं म्हणून करतो. पण घोडा, चाप आणि त्यांच्या मागची कमान, म्हणजे स्प्रिंग, उघडून पुसायची असली की मी जेवणसुद्धा लांबवतो. पुण्यातला माझा मावसभाऊ बालेवाडीच्या रेंजवर पॉइंट टू-टू रायफलीने नेमबाजी करतो. त्याने परवा विचारलं, "तुला साफसफाईत मजा येते की कंटाळा?" फोनवर काय सांगणार? म्हणून हे लिहितोय.

आमची बंदूक साधीच. एकनळी, ठासणीची (म्हणजे दारू तोंडाकडून गजाने ठासून भरायची), बिहारातल्या मुंगेरला बनलेली, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि आमच्या सिंधुदुर्गात त्याचा अर्थ लोकांना वकिलाशिवाय कळतो. काजू धरला की माकडं, भात पोटरीला आलं की रानडुक्कर. परवाना आबांच्या नावावर होता. ते सत्तरीच्या पुढे गेल्यावर रीतसर अर्ज करून माझ्या नावावर करून घेतला. १९७२ चा वन्यजीव कायदा डोक्यावर आहे, त्यामुळे मी छरे भरत नाही. दारू, वर नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा बोळा, आणि आवाजाचा बार. माकडांना आता तोही सवयीचा झालाय, पण तो वेगळा विषय.

अडचण दारूची आहे. सोरा, कोळसा, गंधक, साधारण पंचाहत्तर, पंधरा, दहा या प्रमाणात. ही काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घनरूपातच राहतो, आणि त्यातला बराचसा नळीतच चिकटतो. हा मळ क्षारांचा असतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकणच्या हवेत पाण्याला काय तोटा? संध्याकाळी बार काढलात आणि 'सकाळी बघू' म्हणून झोपलात, की सकाळी नळीत तांबडा गंज. भावाच्या पॉइंट टू-टूला हे दुःख नाही. तिची दारू धूर न करणारी, गोळी शिशाची, वर मेणाचा हात. त्यांच्यात तर रोज साफ करावी की करूच नये यावर वाद चालतो, कारण चुकीच्या गजाने रोज घासून नळी बिघडवणारेही असतात. तो चैनीचा वाद आहे. काळ्या दारूच्या माणसाला मतच नसतं.

साफसफाईशी माझी ओळख मात्र त्याआधीची, कॉलेजातल्या एनसीसीची. आमच्या हातात ड्रिलसाठी जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या, डीपी म्हणतात त्या. त्यांतून गोळी सुटायची सोयच नाही, कवायतीपुरत्याच. तरी परेड संपली की फुलथ्रू काढा. ही दोरी, एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला तीन फासे. मधल्या फाशात चार इंच बाय दोन इंचाची चिंधी, शेवटचा फासा अडकलेली चिंधी उलटी ओढून काढायला. पुसून झालं की तेलाची चिंधी, ती थोडी अरुंद. मग हवालदार साहेब नळीला डोळा लावणार, बोट फिरवणार, बोटाकडे बघणार, आमच्याकडे बघणार. कधीच न उडालेल्या रायफलीत मळ कुठून येतो, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यात आनंद होता असं कुणी म्हणाला तर तो त्या वेळी कॅन्टीनमध्ये होता असं समजा. हात मात्र तिथेच वळले, हे खरं.

आता मुद्द्यावर येतो. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ साली लोकसभेचं आमच्याकडचं मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला, आणि बंदूक हातात येईपर्यंत मृगाचा पाऊस सुरू झाला होता. ठाण्यात शेकडो बंदुका एका खोलीत उभ्या असतात, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. कोण पुसत बसणार तिथे? बाहेरून नळीवर तांबूस पावडर, घोड्याखाली कोळ्याचं जाळं, दस्त्यावर पांढरी बुरशी.

घरी आल्यावर पहिलं काम गजाचं. आमच्या गजावर आबांनी दोन खाचा केल्या आहेत. नळी रिकामी असली की गज तळाला टेकतो आणि वरची खाच बरोबर तोंडाशी येते. बार भरलेला असला की गज वरच अडतो आणि खालची खाच तोंडाशी दिसते. स्वतःच्या हाताने रिकामी करून जमा केलेली बंदूक असली, ठाण्यातून आलेली असली, देवघरातून आलेली असली, तरी गज टाकून बघायचा. 'बंदूक साफ करताना गोळी सुटून' अशी बातमी दर काही महिन्यांनी पेपरात येते. त्या बातमीतल्या प्रत्येकाला आपली बंदूक रिकामी आहे याची खात्री होती. गज टाकल्यावर निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळ खिळ्यावर, टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी) नाही हेही बोट लावून बघायचं, नुसतं डोळ्याने नाही.

मग नळी दस्त्यापासून सुटी. मागचा मोठा स्क्रू, पुढच्या दोन पट्ट्या. पट्ट्या पावसात फुगलेल्या लाकडावर आवळून बसतात. हातोडी घ्यायची नाही. लाकडाचा तुकडा धरून हलकं ठोकायचं आणि शिव्या मनात द्यायच्या. त्यानंतर निपल. त्याला स्वतःचा पाना लागतो. पकडीने काढला की त्याच्या कडा गेल्याच.

इतकं झालं की पाणी. न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्यात आधीच तापत ठेवलेलं असतं. आई म्हणाली, "आता भात शिजवूचो की तुझ्या बंदुकेक पाणी तापवूचा?" चूल एक आणि गिऱ्हाइकं दोन, हे घरात नेहमीचं. बादलीत पाणी घेऊन नळीचं मागचं टोक त्यात बुडवायचं. गजाला ओली चिंधी गुंडाळून वरून आत घालायची आणि वरखाली करायची. चिंधी वर ओढली की निपलच्या भोकातून पाणी आत चढतं, खाली दाबली की जोरात बाहेर पडतं. पहिली काही ओढ-दाब झाल्यावर जे पाणी येतं ते शाईसारखं काळं, आणि वास कुजलेल्या अंड्याचा. गंधकाचा प्रताप. शेजारचे तात्या कुंपणावरून बघत होते. "बंदुकेक न्हाणयतस कित्याक? बाळातीण आसा काय ती?" मी काही बोललो नाही, कारण तोंड उघडलं तर वास आत जातो.

पाणी का, तेल का नाही, हे लोक विचारतात. तेलाने क्षार विरघळत नाहीत. वरून नळी चकाकते आणि खाली गंज सुखाने वाढतो. ही गोष्ट जुन्या थ्री-नॉट-थ्रीलाही लागू होती. तिची दारू आधुनिक असली तरी टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहत, म्हणून गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतायची रीत होती. वाटायला उलटंच वाटतं, लोखंडाला गंजापासून वाचवायला पाणी. पण आधी पाणी, मग तेल, हा क्रम मोडून चालत नाही.

काळं पाणी करडं झालं, करड्याचं पांढुरकं झालं. बादली बदलली. या वेळी दारूच्या मळापेक्षा ठाण्यातला गंज जास्त होता, म्हणून मध्ये तांब्याच्या तारेचा ब्रश फिरवावा लागला. तात्यांनी चिंचेचा कोळ सुचवला, नाहीतर आगळ. तांब्या-पितळेला आगळ ठीक, पण लोखंडावर आंबट लावलं की गंजाबरोबर नळीवरचा गडद मुलामाही जातो आणि उघडं लोखंड दुप्पट वेगाने गंजतं. बाहेरच्या गंजाला डिझेलमध्ये भिजवलेला बारीक तारेचा चोथा, हलक्या हाताने. रेशनचं रॉकेल मिळायचं तेव्हा तेच वापरायचो.

ठासणीच्या बंदुकीत गज नेहमी तोंडाकडूनच जातो, मागून वाटच नाही. त्यामुळे गज तिरका धरला तर नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजते. आबा गजाभोवती दोन बोटं धरून तो बरोबर मध्ये ठेवायचे, आणि माझा हात घसरला की न बोलता माझी बोटं परत जागेवर आणून ठेवायचे.

शेवटची फेरी एकदम कढत पाण्याची. मुद्दा असा की नळी इतकी तापली पाहिजे की पाणी काढल्यावर ती आपली आपण सुकेल. गोणपाटात धरावी लागते. पण फार उकळतं पाणी घातलं की सुकता सुकताच आत पिवळट पुटी येते. म्हणून मी कढत घेतो, उकळतं नाही, आणि लगेच कोरड्या चिंध्या सुरू. आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांना तोड नाही. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड गजावर सरकतं आणि पाणी पीत नाही. एक चिंधी काळी, दुसरी करडी, तिसरी... इथे खरा कंटाळा येतो. हात दुखतो, डास चावतात, आणि प्रत्येक वेळी वाटतं की एवढं पुरे. पुरे नसतं.

नळी कोमट असतानाच तेलाची चिंधी. पूर्वी खोबरेल लावत. थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. मी शिलाई मशीनचं तेल वापरतो. पावसाळ्यात बंदूक बरेच दिवस टांगून ठेवायची असेल तर बाहेरून कोकमाचं तेल चोळतो. ते थंड झालं की घट्ट बसतं, ओघळत नाही.

आता माझा भाग. नळी बाजूला ठेवून मी ओटीवर पांढरा पंचा पसरतो. घोडा, चाप आणि कमान ज्या लोखंडी पट्टीवर बसतात ती पट्टी दस्त्यातून सुटी करतो. दोन स्क्रू. ते एकसारखे दिसतात पण लांबीला थोडा फरक आहे, त्यामुळे ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने पंचावर ठेवायचे. कमान दाबून धरायला छोटा शिकंजा लागतो. तो नसेल तर कमानीला हात लावू नका, ती उडून डोळ्यात जाते. कमान निघाली की बाकी सगळं नरम पडतं. आत एक छोटं चाक आहे, त्याला दोन खाचा. एक उथळ, एक खोल. घोडा अर्धा ओढला की चापामागची पट्टी खोल खाचेत बसते आणि चाप ओढूनही काही होत नाही. पूर्ण ओढला की ती उथळ खाचेच्या काठावर येते, आणि मग बोटाचा हलका दाब पुरतो. सगळी सुरक्षा त्या खोल खाचेच्या कडेवर अवलंबून आहे. मी भिंग घेऊन ती कड बघतो. गोल झाली असेल तर बंदूक परवानाधारक कारागिराकडे, घरी कानस चालवायची नाही.

ठाण्यातल्या मुक्कामाने इथेही मळ साचला होता, तेल सुकून तपकिरी राळ झालेलं. दाताच्या जुन्या ब्रशने डिझेल लावून ते सोडवलं, काडीला कापूस गुंडाळून खाचा पुसल्या, आणि सुईच्या टोकाने प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब. थेंबच, जास्त नाही, नाहीतर ते लाकडात मुरतं आणि दस्ता आतून मऊ पडतो. कमान परत बसवली, घोडा हळूच मागे घेतला. टक्, अर्धा. टक्, पूर्ण. दोन्ही आवाज वेगळे, दुसरा जरा जड. हे मी गरज नसताना चार-पाच वेळा करतो, अंगठ्याने घोडा धरून, सावकाश उतरवत. नळी धुताना मी गंजाचा नोकर असतो. इथे मला कुणाची घाई नाही आणि काहीतरी समजत असतं. एनसीसीत कुणी आम्हाला बोल्ट उघडून आत काय होतं ते दाखवलं असतं, तर कदाचित त्या डीपी रायफलीही आवडल्या असत्या.

खंडेनवमीला हीच बंदूक पाटावर असते. झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता. पूजेचं मला वावडं नाही, पण ओलं कुंकू नळीवर रात्रभर राहिलं की त्याच्याखाली गंजाचा टिळा उमटतो. म्हणून कुंकू दस्त्यावर लावायचं असं घरात ठरलंय. आईला ते मान्य नाही. ती अजून नळीवर एक बोट लावतेच, आणि मी आरती संपली की पुसतो.

जोडून झाल्यावर बंदूक तोंड खाली करून ठेवायची. म्हणजे जास्तीचं तेल तोंडातून गळतं, मागे निपलपाशी साचून पुढचा बार फुसका करत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी परत एक कोरडी चिंधी, हे कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी पांढरीशुभ्र निघालेली नळी रात्रीत घाम सोडते, कुठेतरी राहिलेला क्षार वर येतो. चिंधी पांढरी आली तर तेल लावून विषय संपला. पिवळी आली तर निपल काढून परत पाणी तापवायचं. जूनमधल्या त्या खेपेला पिवळी आली, आणि आईने पाणी आधीच चुलीवर ठेवलं होतं.