मागे जाऊन बघा

नववीत इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचून दाखवली. अभ्यासक्रमात ती नव्हती. ऑफ तास मिळाला की बाई निवडक प्रकरणांच्या झेरॉक्स वाटायच्या, थोडं इंग्रजीतून वाचायच्या, मग मराठीत बोलायच्या. मध्येच थांबून म्हणायच्या, ‘‘आता मागे जाऊन बघा.’’ शाळेनं मला जे जे दिलं, त्यात हे वाक्य मी फार वर ठेवते.

कादंबरी 1813 च्या जानेवारीत आली. पण तिचा पहिला खर्डा ऑस्टिननं 1796-97 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना केला होता आणि त्याचं नाव होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’. वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं, त्यानं न वाचताच नकार कळवला. हे सांगताना बाईंचा आवाज चढायचा.

मेरिटन गावच्या नाचात श्रीमंत डार्सी नायिकेला, एलिझाबेथ बेनेटला, ऐकू जाईल असं तिच्या रूपाबद्दल हिणकस बोलतो. त्याच्यावर ती तिथेच फुली मारते. पुढे गोड बोलणारा विकम भेटतो आणि डार्सीनं आपल्यावर कसा अन्याय केला ते सांगतो. आम्हा सगळ्यांना तो खरा वाटला. मग डार्सी तिला मागणी घालतो, तीही तिच्या घराण्याचा कमीपणा तिला ऐकवत. ती त्याला झाडून टाकते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हाती पत्र ठेवतो.

या पत्रावर बाई आठवडाभर थांबल्या. एलिझाबेथ ते रागानं वाचते, घडी घालते, पुन्हा उघडते. विकमबद्दलचा मजकूर ओळ न् ओळ ताडून बघते. बाईंनी आम्हाला सोळाव्या प्रकरणाची पानं काढायला लावली. विकमचं सगळं बोलणं तिथे होतंच! नुकत्याच ओळख झालेल्या मुलीला हा माणूस एवढी खासगी गोष्ट सांगतो कशी? डार्सीला मी टाळणार नाही म्हणणारा नेदरफिल्डच्या नाचाला येतच नाही, ते का? ऑस्टिननं काही लपवलं नव्हतं. एलिझाबेथनं आणि आम्ही ते बघितलं नव्हतं.

एलिझाबेथच्या मैत्रिणीवरून, शार्लटवरून, मात्र वर्गात भांडण झालं. वय 27, पैसा नाही, रूप बेताचं. एलिझाबेथनं नाकारलेल्या कॉलिन्सला ती होकार देते. बहुतेक मुली तिच्यावर तुटून पडल्या. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. बेनेटांची जमीन वारसाहक्कानं पुरुष नातेवाइकाकडे, म्हणजे याच कॉलिन्सकडे जाणार. एलिझाबेथच्या वाट्याला येणार 1,000 पौंड, 4 टक्क्यांनी गुंतवलेले, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला 40 पौंड. डार्सीचं वार्षिक उत्पन्न 10,000. ‘‘आता बोला,’’ बाई म्हणाल्या.

पुढे शार्लटच्या घरी एलिझाबेथच्या लक्षात येतं की तिनं बसायला मागच्या बाजूची गैरसोयीची खोली निवडली आहे. पुढची निवडली असती तर नवरा सारखा येऊन बसला असता. त्या खोलीइतकं संसाराबद्दलचं खरं वर्णन मी नंतर फार थोड्या पुस्तकांत वाचलं. ऑस्टिनला स्वतःला 1802 च्या डिसेंबरात एका सुस्थितीतल्या तरुणाची मागणी आली होती. तिनं संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. शार्लटचं तिला पुरतं कळलं होतं, म्हणूनच तिनं तिची टिंगल केली नाही, असं बाईंचं मत होतं. माझंही आहे.

बाईंनी एका पात्राला कधी माफ केलं नाही, ते म्हणजे एलिझाबेथचे वडील, मिस्टर बेनेट. मुलगा होईल या भरवशावर त्यांनी काही शिल्लक टाकली नाही आणि झाल्या पाच मुली. धाकट्या लिडियाला ब्रायटनला पाठवू नका म्हणून एलिझाबेथ कळवळून सांगते, तेव्हाही त्यांना घरातली शांतता हवी असते. वर्ग त्यांच्या विनोदांवर हसायचा. बाई हसायच्या नाहीत. आता दोन मुलींची आई म्हणून वाचते, तेव्हा मलाही ते विनोद कठोर वाटतात.

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची तुकडी ग्रंथालयाला संपूर्ण कादंबरीच्या वर्गाला पुरतील एवढ्या प्रती देत आहे. शिक्षकांना एकच विनंती, एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते ते छत्तिसावं प्रकरण एका तासात उरकू नये.