पोरीला कान नाही, असं टेस्ट म्हणते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इथं बेळगावात शहापूर-टिळकवाडीकडचे पालक हल्ली माझ्या गाण्याच्या क्लासला नाव घालायच्या आधी मोबाईल पुढं करतात, "बाई, सुराची-लयीची जाण तपासणाऱ्या ऑनलाईन टेस्टमध्ये पोरीला कमी पडलेत, कान नाही म्हणायचा का तिला? गाण्याला घालू की नको?" पोर शेजारीच उभी असते आणि सगळं ऐकत असते, त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं की आधी ती टेस्ट नक्की काय मोजते ते बघूया. ह्या टेस्ट काही नवीन नाहीत. अमेरिकेत आयोवाला कार्ल सीशोर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1919 मध्ये तबकड्यांवर अशी टेस्ट काढली, दोन स्वर वाजवायचे, दुसरा चढा की उतरता ते सांगायचं, मग जोर, वेळ, आठवण हे सगळं वेगवेगळं मोजायचं. पुढं जेम्स मर्सेल यांनी हरकत घेतली की सुटे आवाज ओळखता आले म्हणजे गाणं कळलं असं होत नाही. मला मर्सेलचं अर्धंच पटतं, कारण चढ-उतार ऐकूच आला नाही तर पुढचं शिकवायचं कशावर?

आताच्यातली 2010 ची म्युझिकल इअर टेस्ट घ्या, 104 जोड्या, निम्म्या सुरांच्या निम्म्या लयीच्या, दोन्ही सारखे की वेगळे एवढंच सांगायचं. आता न ऐकता नुसतं बटण दाबत गेलं तरी सरासरी 52 बरोबर येतात, म्हणजे 60 आले म्हणून खूश व्हायचं कारण नाही आणि 55 वाल्याहून ती हुशार असंही ठरत नाही. वादक लोकांना ह्यात जास्त मार्क पडतात हे तपासलेलं आहे, पण त्यांनी वर्षानुवर्षं रियाज केलाय, त्यावरनं आठ वर्षांच्या न शिकलेल्या पोरीचं पुढं काय होईल ते कसं सांगणार.

खानापूरकडच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवणारे काका आहेत, त्यांना मी लयीच्या अशा जोड्या ऐकवल्या. तर वेगळ्या असलेल्या जोड्यांनाही ते "सारखंच हाय की" म्हणत होते, आणि मधेच विचारलं, "ह्यात सम कुठं हाय?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. त्यांच्या हिशोबी ठेका तोच, बोल थोडे फिरवलेत, मग वेगळं कुठं झालं! टेस्टच्या हिशोबी हे चूक. पण रात्रभर मंडळ सांभाळणाऱ्या माणसाला लयीत कमी मार्क देणारी टेस्ट त्यांच्या कानाचं माप घेत नाही, दुसऱ्याच कसलं तरी घेते, असं मी ठाम म्हणेन.

सुराचंही तेच. सेंट म्हणजे पियानोच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पियानोचा ग सा पासून 400 सेंटवर असतो, तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार साधारण 386 वर. चौदा सेंटचा फरक लहान वाटतो, पण तंबोऱ्यावर कान बसलेल्याला तो ग खटकतो, आणि टेस्टमध्ये तोच बरोबर धरलेला असला तर चांगल्या कानालाच मार्क कमी! त्यात सूचना इंग्रजीत, घरात मराठी, गल्लीत कन्नड, मग पोर सूर ऐकणार की काय करायचंय ते समजून घेत बसणार.

पालक सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचं नाव काढतातच, लहानपणी तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे म्हणून. तशी पोरं विरळा, पण जन्मजात सूर न कळणारीही विरळाच, 2017 च्या एका मोठ्या पाहणीत दीड टक्का निघालीत. म्हणजे तुमची पोरगी बहुतेक मधलीच आहे, आणि मधल्यांना शिकवूनच येतं.

तरी टेस्ट घ्यायचीच असेल तर काय करायचं ते तिला मराठीत नीट समजावून, हेडफोन लावून घ्या, आठवड्यानं परत घ्या, आणि दोन्ही वेळचे मार्क मला दाखवा, एकदाचे नकोत. तोवर तिला क्लासला बसू दे.