एक माणूस कमी

चिनी सण म्हटलं की लाल कंदील, ड्रॅगन आणि फटाके, एवढ्यावरच आपली गाडी थांबते. पण मला विचाराल तर सगळ्यात भारी सण छोंगयांग, म्हणजे त्यांच्या चांद्र कॅलेंडरच्या नवव्या महिन्याची नवमी, साधारण ऑक्टोबरात येते. विषम आकडे 'यांग', म्हणजे यिन-यांग जोडीतली तेजाची, जोमाची बाजू, त्यात नऊ सगळ्यात मोठा, आणि तो एकाच दिवशी दोनदा, म्हणून छोंगयांग, डबल यांग.

आता एवढा दमदार दिवस, पण त्यामागची गोष्ट मात्र चक्क जीव वाचवायला पळण्याची. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतल्या हुआन जिंगला त्याचा गुरू सांगतो की नवमीला तुझ्या घरावर संकट आहे, तर सगळ्यांच्या दंडाला चूयूच्या पिशव्या बांध, डोंगरावर जा आणि शेवंतीची दारू प्या. ते जातात, संध्याकाळी खाली येऊन बघतात तर कोंबड्या, कुत्री, गुरं, मेंढ्या सगळं मरून पडलेलं. तेव्हापासून म्हणे त्या दिवशी उंचावर चढायचं. चूयू म्हणजे उग्र वासाची लाल फळं, चीनमध्ये मिरची पोचायच्या आधी तिखटपणासाठी हेच वापरायचे. इंग्रजी भाषांतरांत बिनधास्त 'डॉगवुड' लिहितात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच झाड उभं राहतं.

तर ह्या चूयूवरची वांग वेइ ह्या कवीची कविता. तांग राजवटीचा काळ, आठवं शतक, पोराचं वय सतरा, घरापासून लांब एकटा. चार ओळी, फक्त 28 अक्षरं. परक्या मुलखात मी परका, सण आला की घरच्यांची आठवण दुप्पट, इथपर्यंत ठीक आहे, असं कुणीही लिहील. पण पुढे तो म्हणतो, मला इथूनच कळतंय, भाऊ डोंगर चढले असतील, सगळ्यांनी चूयू लावला असेल, आणि एक माणूस कमी असेल. बस. मला एकटं वाटतंय वगैरे काही नाही, कॅमेरा थेट तिकडे डोंगरावर नेऊन ठेवला आणि स्वतःची फक्त रिकामी जागा दाखवली. सतराव्या वर्षी हे सुचतं म्हणजे काय बोलायचं!

ह्या सणावर लिहिलं नाही असा तांग कवी शोधूनच काढावा लागेल. ली पो दहाव्या दिवशी पण प्यायला बसतो आणि उलट शेवंतीचीच कीव करतो, बिचारीच्या नशिबात दोन दोन छोंगयांग. तू फू 767 च्या शरदात यांगत्सेकाठी कुइचौमध्ये आजारी, एकटाच उंचावर चढलेला, आणि कवितेच्या शेवटी कळतं की हातातला दारूचा पेलाही हल्लीच सोडावा लागलाय. ती कविता मी फार वेळा वाचत नाही, त्रास होतो.

आणि ज्यांच्याकडे डोंगरच नाही त्यांनी काय करायचं? केक खायचा! तांदळाचा वाफवलेला केक, त्याला म्हणतात 'गाव', आणि उंच ह्या शब्दाचा उच्चारही 'गाव', म्हणजे केक खाल्ला की चढलात डोंगर. तांगनंतरच्या सोंग राजवटीच्या काळात त्यावर छोटे रंगीत झेंडे पण खोचायचे. ल्यू युशी ह्या कवीला म्हणे नवमीच्या कवितेत हा शब्द घालायचा होता, पण जुन्या शास्त्रग्रंथांत तो सापडेना म्हणून घातलाच नाही, मग पुढे सोंग काळात सोंग ची नावाच्या कवीने त्याची कवितेतूनच टर उडवली की एवढा मोठा कवी आणि केक लिहायला घाबरला. (मी असतो तर केक दोनदा लिहिला असता.) 1989 पासून चीनमध्ये हाच दिवस ज्येष्ठांचा मानतात, कारण 'नऊ नऊ' आणि 'चिरकाळ' ह्यांचा उच्चार एकच, 'ज्यू ज्यू'.

पण त्या भावांचं पुढे काय झालं हे मला नंतर कळलं. 755 मध्ये आन लुशान ह्या तांग सेनापतीचं बंड झालं, वांग वेइ बंडखोरांच्या हाती लागला, त्याला जबरदस्तीने त्यांच्याकडे पद घ्यावं लागलं, आणि बंड मोडल्यावर साहजिकच त्याच्यावर फितुरीचा ठपका आला. कैदेत लिहिलेली, सम्राटावरची निष्ठा दाखवणारी एक कविता कामी आली, आणि त्याचा धाकटा भाऊ वांग जिन उभा राहिला की माझा हुद्दा काढून घ्या पण भावाला सोडा. सुटला. 761 मध्ये वांग वेइ गेला, नंतर सम्राटाने त्याच्या कविता मागवल्या तेव्हा इकडून तिकडून चारशेच्या वर रचना गोळा करून देणारा पण हाच वांग जिन.